गाडीला ऑइल कूलर बसवताना

आपल्या कारखान्याच्या टर्बाइनजवळ गेलेल्या सभासदांनी तेथील ऑइल कूलर पाहिला असेल. बेअरिंगमधून तापून आलेले तेल त्यात गार होते आणि परत बेअरिंगकडे जाते. मोटारीच्या इंजिनाचेही असेच आहे. फरक इतकाच, की बाहेरून बसवायचा कूलर बहुधा वाऱ्यावर चालतो.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर भागात राहणारे आपले बरेच सभासद व त्यांची मुले जुन्या गाड्या हौसेने सांभाळून आहेत. त्यात पद्मिनीचा मान मोठा. ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होत असे. ही कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली. रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखानेही त्यांचेच. मुंबईत टॅक्सी म्हणून पद्मिनीची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तरी खाजगी गाड्या अजून दिसतात. साकीनाक्याच्या गर्दीत तासभर रखडायचे आणि लगेच कसारा किंवा खंडाळ्याचा घाट चढायचा, म्हणजे तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनाला घाम फुटतो. मग कोणीतरी सुचवतो, “कूलर टाका की!”

आधी गरज आहे का ते पाहावे. समोरचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो, तेलाचे नव्हे. पाणी उकळत असेल तर रेडिएटर, पंख्याचा पट्टा, थर्मोस्टॅट आणि टायमिंग तपासा. त्यावर ऑइल कूलर हे औषध नाही. तेलासाठी वेगळा मीटर बसवून घाटात पाहावे. ९० ते ११० अंश सेल्सिअस ठीक. १३० च्या वर सतत राहू लागले तर तेल पातळ होऊन दाब उतरतो, तेल लवकर खराब होते आणि बेअरिंग झिजते. अशा वेळी कूलर उपयोगी पडतो.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. कूलर बसवणे म्हणजे इंजिनाचे रक्त नळीने बाहेर काढून परत आत सोडणे. रेडिएटरमधल्या पाण्याचा दाब सुमारे एक किलो, तर तेलाचा चार-पाच किलो आणि थंड इंजिनात त्याहून जास्त. नळी निसटली तर काही सेकंदांत तेल रिकामे होऊन इंजिन जाम होते. तेच तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडाले तर गाडी पेटते. म्हणून खराब बसवलेल्या कूलरपेक्षा कूलर नसलेला बरा.

बसवताना पुढील काळजी घ्यावी :

१) इंजिन निवू द्यावे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये. पक्के स्टँड लावावेत.

२) फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये सँडविच प्लेट बसते. जुन्या फिल्टरचे रबर इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. रबरावर रबर बसले की गळती ठरलेली.

३) प्लेट थर्मोस्टॅटची घ्यावी. तेल साधारण ८० अंशांपर्यंत तापल्यावरच ती कूलरचा रस्ता पूर्ण उघडते. तेल फार गार राहिले तर त्यातला ओलावा उडत नाही.

४) नळी तेलासाठीच बनवलेली, दाबाची आणि टोके प्रेस केलेली हवी. पाण्याची नळी आणि क्लिप हा जुगाड अजिबात नको. नळी एक्झॉस्ट, पंखा व पट्ट्यापासून लांब न्यावी. इंजिन हलते, म्हणून थोडी सैल ठेवावी.

५) कूलर रबरी बुशवर, रेडिएटरच्या पुढे थोडे अंतर सोडून बसवावा, पंखा ओढतो ती हवा गर्दीतही मिळते. लहान इंजिनाला लहानच पुरतो. मोठा लावला तर रेडिएटरची हवा अडते.

६) जुना कूलर घेऊ नये. कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर जुने भाग पुष्कळ मिळतात, पण कूलर कोणत्या इंजिनावरून निघाला हे सांगता येत नाही. जाम झालेल्या इंजिनाचा कीस त्यात अडकला असेल तर कितीही धुतला तरी पुरता निघत नाही.

सगळे जोडल्यावर लगेच इंजिन सुरू करू नये. कॉइलची वायर काढून, थोडे थोडे थांबत, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारावा. मग इंजिन सुरू करून प्रत्येक जोड बॅटरीच्या उजेडात पाहावा. बंद करून तेल मोजावे. कूलर व नळ्यांत अर्धा ते एक लिटर तेल जादा मावते. शंभर किलोमीटरनंतर जोड पुन्हा तपासावेत.

नव्या गाड्यांत पुष्कळदा कंपनीचाच कूलर असतो. वॉरंटी चालू असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नये.

आणि वाटेत ऑइलचा दिवा लागला, तर “मुलुंड चेकनाक्यापर्यंत जाऊ, मग बघू” असे म्हणू नये. तेथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, अशी सर्व सभासद बंधू-भगिनींना आमची कळकळीची विनंती आहे.