दिव्याला खळे

रात्रीची वेळ. आबा ओट्यावर बसले होते. दिव्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, दिव्याला खळं पडलंय बघ."

सूनबाई म्हणाली, "मामंजी, खळं चंद्राला पडतं. दिव्याला कुठलं?"

"मग त्या हृदयाच्या गोळीनंच डोळे बिघडले. उद्यापासून गोळी बंद!"

आबांचे अर्धे खरे होते. अर्धे चुकीचे होते. कसे ते पाहू.

निरोगी हृदय भजनातल्या टाळासारखे ठेक्यात चालते. ठेका चुकला, की धडधड होते. घेरी येते. ठेका सावरायला डॉक्टर गोळी देतात. अशा एका औषधाचे नाव आहे अमिओडॅरोन. ते १९६१ साली बेल्जियम देशात तयार झाले.

हे औषध अंगातून लवकर जात नाही. आपल्या बुबुळावर काचेसारखा स्वच्छ पडदा असतो. त्यात या औषधाचे बारीक कण साठतात. भोवऱ्यासारख्या तपकिरी रेघा उमटतात. डॉक्टरांना त्या यंत्रातून दिसतात. सहा महिन्यांहून जास्त गोळी घेणाऱ्या बहुतेकांना त्या होतात. त्यांनी नजर सहसा जात नाही. काहींना मात्र रात्री दिव्याभोवती खळे दिसते. गोळी थांबली, की काही महिन्यांत रेघा पुसल्या जातात.

दुसरा त्रास क्वचित होतो, पण तो वाईट. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस सुजते. नजर अंधुक होते. कडेचे दिसेनासे होते. दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. "वय झालं," म्हणतो. तसे करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उशीर झाला, तर गेलेली नजर परत येईलच असे नाही.

मग गोळी आपणच बंद करावी का? मुळीच नाही! ठेका पुन्हा चुकेल. जिवावर बेतेल. गोळी चालू ठेवायची, कमी करायची की बदलायची, ते डॉक्टर ठरवतील.

सूनबाईने आबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. गोळ्यांची पट्टीही बरोबर नेली. डॉक्टर म्हणाले, "रेघा आहेत. नस ठीक आहे. नजर शाबूत आहे." आबांची गोळी चालू राहिली.

लक्षात ठेवा:

गोळी सुरू होताना डोळे तपासून घ्या.
पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा तपासा.
नजरेत फरक पडला, तर लगेच सांगा.
न विचारता गोळी सोडू नका.