सहा खांबांचे गाव

जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर टोकास आओमोरी नावाचे शहर आहे. तेथे बेसबॉलचे क्रीडांगण बांधण्याचे ठरले आणि १९९२ साली त्या जागेचे उत्खनन सुरू झाले. येथे जुनी मृत्पात्रे सापडतात, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. सुगाए मासुमी या प्रवाशाने १७९६ सालीच तशी नोंद केली होती. परंतु भूमीखाली एवढे मोठे गाव असेल, अशी कल्पना कोणासही नव्हती.

१९९४ साली तेथे सहा प्रचंड खड्डे आढळले. प्रत्येक खड्डा सुमारे दोन मीटर रुंद व तितकाच खोल, आणि दोन खड्ड्यांतील अंतर सर्वत्र ४.२ मीटर! तळाच्या ओलाव्यामुळे चेस्टनट वृक्षाचे मीटरभर व्यासाचे बुंधे टिकून राहिले होते. क्रीडांगणाचे काम आरंभलेले असूनही ते थांबविण्यात आले आणि सान्नाई-मारुयामा हे गाव वाचले.

येथील वस्ती सुमारे ५९०० ते ४२०० वर्षांपूर्वीची. या जोमोन लोकांना धातू ठाऊक नव्हता, भातशेतीही नव्हती. शिकार, मासेमारी व कंदफळे यांवर त्यांचा निर्वाह चाले. असे लोक सदैव भटकेच असावयाचे, हा समज या गावाने खोटा ठरविला. चेस्टनटची झाडे ते राखून वाढवीत असावेत, असे जनुकीय परीक्षणावरून दिसते. दूरच्या इतोइगावाचा हरितमणी आणि समुद्रापलीकडील होक्काइदोचा ज्वालाकाचही येथे मिळाला आहे.

आज तेथे जमिनीत खोल बसविलेल्या झोपड्या, उंच खांबांवरील कोठारे आणि ३२ मीटर लांबीचे सभागृह पुन्हा उभारलेले दिसते. सहा खांबांचा सुमारे १५ मीटर उंचीचा मनोराही आहे; त्यासाठी तेवढे जाड चेस्टनट रशियातून आणावे लागले. त्याला तीन मजले आहेत, पण छप्पर नाही. पुरावा मिळाला तो केवळ जमिनीखालचा. वर काय होते, मनोरा की देवस्थान, छप्पर होते की नव्हते, याविषयी पंडितांत एकमत झाले नाही. म्हणून जवळच मूळ खड्डेही जपून ठेवलेले आहेत. मनोरा हा तर्क होय, खड्डे हा पुरावा. दोन्ही शेजारी पाहावयास मिळतात, हेच या स्थळाचे महत्त्व.

२०२१ साली उत्तर जपानमधील सतरा जोमोन स्थळांपैकी एक म्हणून या गावाचा जागतिक वारशात समावेश झाला. तेथील क्रीडांगण मात्र कायमचे अपुरेच राहिले.