थंड हवेमागचे पाणी स्वच्छ आहे का?

मॉल, रुग्णालये आणि कार्यालयीन संकुलांतील केंद्रीय वातानुकूलन यंत्रणा बहुतांशी पाण्यावर चालते. चिलर यंत्रात सुमारे ६ ते ७ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेले पाणी नळांतून मजल्यामजल्यांवर फिरते. इमारतीतून गोळा झालेली उष्णता दुसरे पाणी गच्चीवरील कूलिंग टॉवरमध्ये नेऊन सोडते. तेथे त्याचा काही भाग वाफ होऊन उडतो आणि उरलेले पाणी थंड होऊन पुन्हा खाली येते.

वाफेबरोबर क्षार मात्र उडून जात नाहीत. गिझरमध्ये साचतो तसा त्यांचा थर चिलरच्या नळ्यांत बसतो. त्यामुळे उष्णतेचे वहन मंदावते आणि विजेचा खर्च वाढतो. विंधन विहिरीचे जड पाणी वापरल्यास हा थर लवकर धरतो. लोखंडी नळ आतून गंजतात, तर गंज आणि गाळाच्या आश्रयाने जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो.

धोका तुषारांतून

यांपैकीच एक म्हणजे लेजिओनेला जिवाणू. साधारण २० ते ४५ अंश तापमानाच्या पाण्यात तो वाढतो. टॉवरमधून उडणारे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. वृद्ध, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याचा धोका अधिक असतो.

१९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे 'अमेरिकन लिजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले असता या आजाराची साथ उद्भवली. पुढील वर्षी जिवाणूचा शोध लागला आणि संघटनेवरूनच त्याचे नाव पडले. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात कूलिंग टॉवरमुळे पसरलेल्या साथीत १३८ जण आजारी पडले, १६ दगावले. त्यानंतर तेथे टॉवरची नोंदणी व तपासणी सक्तीची झाली. तरीही २०२५ मध्ये सेंट्रल हार्लेम भागातील साथीत ७ जणांचा मृत्यू झाला.

उपाय काय?

टॉवरमधील क्षारयुक्त पाणी ठरावीक प्रमाणात सोडून देऊन ताजे पाणी भरणे, ही पहिली पायरी. त्यासोबत गंजरोधक रसायन आणि क्लोरिन वा ब्रोमिनसारखे जंतुनाशक नियमित द्यावे लागते. बुळबुळीत थराखाली दडलेले जिवाणू नुसत्या जंतुनाशकाने मरत नाहीत. म्हणून टॉवर वेळोवेळी रिकामा करून घासून काढणे अपरिहार्य ठरते. तुषार अडवणाऱ्या जाळ्याही शाबूत हव्यात.

बंद परिपथातील नळ नवे असले, तरी त्यांत वेल्डिंगचा कचरा आणि तेल राहिलेले असते. ते वेगवान प्रवाहाने धुऊन काढावे लागते. जुना थर आम्लाने काढल्यास उरलेले आम्ल निष्प्रभ करून लगेच गंजरोधक देणे आवश्यक असते, अन्यथा उघडा पडलेला धातू अधिकच वेगाने गंजतो.

बराच काळ बंद असलेली यंत्रणा तशीच सुरू करणे विशेष धोक्याचे. इमारतीच्या व्यवस्थापनाकडे पाणीतपासणीची आणि साफसफाईची नोंदवही आहे का, याची विचारणा तेथे काम करणाऱ्यांनी व राहणाऱ्यांनी अवश्य करावी.