काचेच्या टाकीतील कृमी : ओळख आणि उपाय

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांमधून घराच्या पडवीत माशांची काचेची टाकी दिसणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुंबईच्या महात्मा फुले मंडईतून प्लास्टिकच्या पिशवीत रंगीत मासे व पाणवनस्पती आणावयाच्या आणि मुलांच्या हौसेखातर टाकी मांडावयाची, असे अनेक घरी घडते. महिना-दोन महिन्यांनी एखाद्या सकाळी काचेवर केसासारखे बारीक, पांढरे कृमी वळवळताना दिसतात. माशांना कीड लागली असे समजून घरची माणसे पाण्यात काही तरी औषध घालावयास धावतात. वाडीत फवारणीचे औषध आणि मोरचूद हाताशी असतेच. अशा घाईत कृमी मरण्यापूर्वी मासेच मरतात. यास्तव प्रथम कृमीची ओळख पटवावी आणि मगच उपाय योजावा.

कृमी कोठून येतात?

नव्या पाणवनस्पतींची मुळे, न धुतलेली वाळू आणि गटारातून वा डबक्यातून आणलेले जिवंत खाद्य यांबरोबर कृमी किंवा त्यांची अंडी टाकीत शिरतात. परंतु शिरलेले कृमी वाढतात ते केवळ अन्न मिळते म्हणून. माशांनी न खाल्लेले खाद्य, विष्ठा व कुजलेली पाने तळाशी साठली की त्यांना भरपूर आहार मिळतो. शेतात तण माजले म्हणजे मशागतीत कोठे तरी उणीव राहिली असे शेतकरी ओळखतो. टाकीतील कृमींचेही तसेच आहे.

निरुपद्रवी कोणते?

वाळूत राहणारे, अंगावर वलये असलेले, दोऱ्यासारखे पांढुरके कृमी हे गांडुळाच्या जातकुळीतील होत. ते कुजका पदार्थ खातात, माशांना इजा करीत नाहीत. ते मोठ्या संख्येने काचेवर वर चढू लागले, तर तळाशी घाण साचून प्राणवायू कमी झाला आहे असे समजावे. लाल रंगाच्या, वळसे घेत पोहणाऱ्या अळ्या या कृमी नसून एका चावा न घेणाऱ्या चिलटाच्या अळ्या असतात. मासे त्या आवडीने खातात.

चपट्या अंगाचा, बाणाच्या टोकासारख्या डोक्याचा, दोन डोळ्यांचे ठिपके असलेला व काचेवरून सरपटत जाणारा कृमी मात्र निराळा. मोठ्या माशांना त्याचा त्रास नसला, तरी अंडी व लहान कोळंबी तो खातो. त्यास काचेवर चिरडू नये. त्याच्या तुकड्यांपासून पुन्हा नवे कृमी तयार होतात. बारीक छिद्रे पाडलेल्या लहानशा बाटलीत कोळंबीचा तुकडा घालून ती रात्री तळाशी ठेवावी. सकाळी आत जमलेले कृमी बाटलीसह बाहेर काढून उकळत्या पाण्यात टाकावेत.

अपायकारक कोणते?

माशाच्या अंगावर दोऱ्यासारखा जीव रुतलेला असून त्याभोवती लाल व्रण दिसत असेल, तर तो नांगरकृमी होय. नाव कृमीचे असले तरी हा जीव कोळंबी-खेकड्यांच्या वर्गातील आहे. तळ्यातील कटला, रोहू यांसही तो लागतो. गप्पीच्या गुदद्वारातून बारीक लाल दोरे बाहेर डोकावत असतील, तर आतड्यात कृमी झाले आहेत असे समजावे. दोन्ही टोकांना चूषक असलेली जळू माशाचे रक्त शोषते. यांपैकी काहीही आढळल्यास आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवावा आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याचा किंवा पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. गुरांचे जंतनाशक अंदाजाने पाण्यात ओतू नये.

उपाय

१. खाद्य कमी करावे. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील इतकेच खाद्य दिवसातून एकदा किंवा दोनदा द्यावे. निरोगी मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस उपवास घडला तरी बाधत नाही.

२. तळ स्वच्छ करावा. रबरी नळीने वाळूतील गाळ ओढून घ्यावा व त्याबरोबर आठवड्यातून एकदा सुमारे चौथा हिस्सा पाणी काढावे. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल पाणी असलेल्या टाकीत ५४ लिटर पाणी मावते. त्यातून १३ ते १४ लिटर काढणे पुरे. सर्व पाणी एकदम बदलू नये.

३. नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते. ते उघड्या भांड्यात २४ तास ठेवून मग टाकीत घालावे. समुद्रालगतच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले असल्यास ते गोड्या पाण्यातील माशांसाठी वापरू नये.

४. गाळणीतील स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा. त्यावर वाढणारे उपयुक्त जिवाणू माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या अमोनियाचे विष कमी करतात. क्लोरीनच्या पाण्याने ते मरतात.

५. नव्या पाणवनस्पती पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन मगच लावाव्यात.

हे नियम पाळल्यास काही आठवड्यांत कृमींची संख्या आपोआप घटते. थोडे कृमी वाळूत उरले तरी चिंतेचे कारण नाही.

काय टाळावे?

मोरचूद हे वाडीत बोर्डो मिश्रणासाठी उपयुक्त असले, तरी अल्प प्रमाणातही माशांना व गोगलगाईंना ते घातक ठरते. मृदू पाण्यात त्याचा विषार अधिक असतो. फवारणीची बादली, पंपाचे भांडे किंवा औषधाचा हात टाकीस लावू नये. अनेक कीटकनाशकांचा अंशही माशांचा प्राण घेण्यास पुरतो.

बावखलाचे रक्षण

वसईच्या वाड्यांना पिढ्यान्‌पिढ्या बावखलांनी पाणी पुरविले. टाकीचा कंटाळा आला म्हणून त्यातील मासे, गोगलगाई, वनस्पती व पाणी बावखलात ओतणे हे तेथील माशांवर रोग व परके जीव लादणे होय. टाकीतील काच चाटणारा सकरमाउथ मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. पाळणाऱ्यांनी सोडून दिल्यामुळे आज तो भारतातील अनेक जलाशयांत पसरला आहे. नको असलेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावेत. गाळाचे पाणी केळीच्या किंवा फुलझाडांच्या बुंध्याशी कोरड्या मातीत ओतावे; तेथे त्याचे खतच होते. औषध घातलेले पाणी मात्र बावखल, विहीर व पिके यांपासून दूर टाकावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी टाकी असलेल्या घरी भेट देताना औषधाची चौकशी करण्यापूर्वी माशांना रोज खाद्य किती घातले जाते ते विचारावे. बहुतेक ठिकाणी उपाय तेथेच सापडेल.