गोदावरीचे पाणी : वाटा कोणाचा?

पाण्याचे भांडण म्हटले की वरचे आणि खालचे असे दोन पक्ष आपण गृहीत धरतो. आमच्या शेवगाव तालुक्याची मात्र यात पंचाईत होते. अहिल्यानगर जिल्हा म्हणून आपण वरचे. मुळेच्या उजव्या कालव्यावर आपण टेलचे. आणि नाथसागर तर आपल्याच शिवाराला येऊन टेकलेला. शेवगाव-पाथर्डीचे पिण्याचे पाणीही त्याच जलाशयातून येते. तेव्हा ‘त्यांना पाणी सोडू नका’ असे म्हणताना ‘ते’ म्हणजे कोण, हे निदान आपण तरी तपासून पाहावे.

गंगापूर, दारणा ही धरणे नाशिककडचे पाणी अडवतात. भंडारदरा आणि मुळा आपल्याकडचे. उरलेले प्रवरासंगमावरून खाली नाथसागरात येते. भंडारदरा १९२६ चे, तर पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ चे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी. पण वर जितके अडेल तितके खाली कमी, हे सांगायला अभियंता लागत नाही.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने खोऱ्यातील तूट सर्वांनी वाटून घ्यावी हे तत्त्व मान्य केले. २०१२-१३ च्या दुष्काळानंतर मेंढेगिरी समितीने त्याला आकडा दिला : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांनी ठरल्या प्रमाणात पाणी सोडावे. २०२३ मध्ये नेमलेल्या दुसऱ्या समितीने हा आकडा ५८ वर आणण्याची शिफारस केली.

हे तत्त्व काही परके नव्हे. धुळ्याकडील पांझरा आणि बागलाणातील मोसम या नद्यांवर फड पद्धत शतकानुशतके चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, आणि शक्यतो प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे. तोटा आपोआप सर्वांचा. पाणी सोडायला पाटकरी, शेतोशेत द्यायला बारेकरी, राखणीला जागल्या. पाटाचा गाळ मात्र सगळ्यांनी मिळून काढायचा. नियमापेक्षा मला ही शेवटची गोष्ट अधिक मोलाची वाटते. गाळ उपसणाऱ्याला पाटाची मालकी निराळी समजवावी लागत नाही.

आजच्या व्यवस्थेत नेमके हेच नाही. पाणी सोडायचे ठरले की वाटेवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, नदीकाठच्या मोटारींची वीज तोडायची, बंदोबस्त लावायचा. कोरड्या पात्रात बरेच पाणी मुरते, ते निराळेच. शिवाय नाशिक शहराचे सांडपाणीही याच पात्रातून खाली येते. पाण्याचा टीएमसीत हिशेब मागणारे आपण त्याचा हिशेब कधी मागत नाही.

आणि आपल्या काठाचे काय? पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. धरणात शेत गेलेल्या कित्येकांना तेवढाच आधार. त्याच चिखलाळ काठावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात; १९८६ पासून हे अभयारण्य आहे. साठा वाढला तर गाळपेर बुडते, फारच उतरला तर मासेमारी बसते. टक्क्यांच्या वादात दहिगाव-ने किंवा एरंडगावच्या शेतकऱ्याचे, कोळ्याचे म्हणणे कोणत्या रकान्यात लिहायचे?