फ्लॅश कंपनीचा घ्यावा की दुसऱ्या मेकचा?

लग्नसराई जवळ आली की भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीकडील आपल्या फोटोग्राफर बांधवांपुढे एक प्रश्न हमखास येतो. कॅमेरा कॅननचा किंवा नायकॉनचा आहे, मग फ्लॅशही त्याच कंपनीचा घ्यावा, की गोडॉक्स, योंगनुओ अशा दुसऱ्या मेकचा? कंपनीच्या एका मोठ्या फ्लॅशच्या किमतीत दुसऱ्या मेकचे दोन-तीन येऊ शकतात, त्यामुळे मन तिकडे ओढ घेते. त्यात गैर काही नाही. मात्र पैसे मोजण्यापूर्वी आपला कॅमेरा नीट पाहावा.

फ्लॅश ज्या खाचेत बसतो, त्या हॉट शूच्या मधोमध एक गोल पॉइंट असतो. साधा मॅन्युअल फ्लॅश याच पॉइंटवर पेटतो. कॅननने २०१८ मधील १५००डी व ३०००डी आणि २०१९ मधील २००डी मार्क टू या स्वस्त कॅमेऱ्यांतून हा पॉइंट काढून टाकला. धंद्याला सुरुवात करणारा तरुण बहुधा असाच कॅमेरा घेतो. त्यावर गोडॉक्स टीटी६०० सारखा मॅन्युअल फ्लॅश बसतो खरा, पण पेटत नाही. आणि दोष फ्लॅशला दिला जातो. अशा कॅमेऱ्याला कॅननसाठीच बनवलेला टीटीएल फ्लॅश लागतो, मग तो कोणत्याही मेकचा असो.

टीटीएल म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशने आपोआप कमी-जास्त होणे. कॅमेरा व फ्लॅश यांचे हे आपसातले संकेत कंपन्या सहसा उघड करीत नाहीत. दुसरे मेक ते स्वतः शोधून काढतात, म्हणून नवा कॅमेरा आला की कधी अडचण येते. यूएसबीने ज्याचा प्रोग्राम बदलता येतो असाच फ्लॅश घ्यावा. नागपूरला खरेदीस जाताना स्वतःचा कॅमेरा बरोबर न्यावा आणि दुकानातच पाच-पन्नास फोटो काढून पाहावेत.

गाइड नंबरच्या आकड्यावर भुलू नये. नायकॉनच्या एसबी-९१० चा आकडा ३४ हा ३५ मिमीवरचा आहे, तर टीटी६०० चा ६० हा २०० मिमीवरचा. ६० म्हणजे जवळजवळ दुप्पट उजेड, असा हिशेब होत नाही.

आमच्या मते, निकाहाचे काम घेणाऱ्याने कंपनीच्या एका फ्लॅशऐवजी चांगल्या मेकचे दोन घ्यावेत. मे महिन्याच्या उन्हाळ्यात मंडपात सलग पूर्ण ताकदीने मारल्यास कोणताही फ्लॅश तापून मंदावतो. निकाहनाम्यावर सही होत असताना तो बंद पडला, तर दुल्ह्याला पुन्हा सही करायला कोण सांगणार? दुसऱ्या फ्लॅशसाठी व्याजाने पैसे काढण्यापेक्षा तो एक हंगाम थांबून घेतलेला बरा.

स्टुडिओत पडून असलेला जुना विव्हिटार २८३ मात्र डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नये. त्याच्या जुन्या नगांच्या पॉइंटवर २०० व्होल्टहून अधिक दाब असू शकतो. कॅमेऱ्याचे सर्किट जळते. नवीन फ्लॅश कोणताही घ्या, जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि त्यावर फ्लॅशचा नंबर लिहून घ्या.