अतुलकाका न सांगता गेला

मोबाइलवरच्या बीजीएमआयमध्ये माणूस मेला की त्याची एक पेटी उरते. मारणारा धावत येतो, पेटीतल्या गोळ्या, औषधं, हेल्मेट उचलतो आणि पुढे पळतो. बिडकीनला शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर मोबाइलात डोकं घालून बसलेली पोरं तासाभरात इतक्या वेळा ‘मेलो’ म्हणतात, की आजीच्या कानावर गेलं तर ती मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्टच काढेल.

बहुतेक गेममध्ये मरण म्हणजे दंड. ‘डार्क सोल्स’मध्ये (2011) मेल्यावर गोळा केलेली सगळी कमाई जागेवरच सांडते, ती आणायला जाताना वाटेत पुन्हा मेलात तर कायमची गेली. ‘हेडीज’मध्ये (2020) पाताळाच्या राजाचा मुलगा घरातून पळू बघतो आणि दर वेळी मरून त्याच घरातल्या रक्ताच्या कुंडातून वर येतो. समोर बाप टोमणे मारायला बसलेलाच! हा फेरा आपल्याला नवा नाही. सापशिडीचं मूळ असलेला मोक्षपट परंपरा थेट ज्ञानेश्वरांच्या नावावर देते. हाती असलेले जुने पट मात्र बरेच अलीकडचे आहेत. त्यातल्या 72 घरांच्या पटावर वैकुंठ 68व्या घरात असतं. दान जास्त पडून पुढे सरकलात, तर शेवटच्या घरातला तमोगुणाचा साप खाली आणून सोडतो.

पण यात मरणारे आपणच आणि परतणारेही आपणच. मागे राहिलेल्यांचं काय, हे विचारणारा गेम विरळा. माँट्रियलच्या थंडर लोटस कंपनीचा ‘स्पिरिटफेअरर’ (2020) तो विचारतो. मृतांना पैलतीरी नेणारा नावाडी निवृत्त होतो आणि त्याची नाव स्टेला नावाच्या मुलीकडे येते. सोबत एक मांजर. मेलेली माणसं प्राण्यांच्या रूपात नावेवर चढतात. स्टेलानं त्यांना घर बांधून द्यायचं, आवडीचं रांधून घालायचं, मिठी मारायची आणि मन निवलं की शेवटच्या दारापर्यंत पोचवायचं.

या उतारूंत एक बेडूक आहे, त्याचं नाव अतुल. स्टेलाचा काका. हसरा, हाताचा कसबी आणि कमालीचा खादाड. त्याच्या फर्माइशी संपत नाहीत. शेवटी तो नावेवरच्या सगळ्यांसोबत एक जेवण मागतो. पंगत उठते आणि नंतर बघावं तर अतुल नावेवर नाहीच. दार नाही, निरोप नाही.

मराठी वाचकाला इथे गोदाकाठ आठवल्याशिवाय राहत नाही. बिडकीन पैठण तालुक्यातलं. दहाव्याचा घाट जवळच. पिंडाशेजारी मृताच्या आवडीचं पान वाढलेलं असतं आणि सगळ्यांच्या नजरा वर. कावळा येईना की कुजबुज सुरू होते, मग कुणीतरी हात जोडून मोठ्यानं कबूल करतं, ‘धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी सोडा.’ तरी शिवला नाहीच, तर दर्भाचा कावळा करून वेळ निभावतात. याच घाटावर बाबा भांड यांची ‘दशक्रिया’ ही कादंबरी घडते. तिच्यावरचा चित्रपट 2017मध्ये आला. त्यातला पोरगा नदीत सोडलेल्या राखेतून पैसे वेचतो. बीजीएमआयची पेटी तिथेही आहेच, फक्त ती पोटासाठी उघडली जाते.

घाटावर निदान कावळा निकाल देतो. गेम तोही देत नाही. अतुलची इच्छा पुरी झाली म्हणून तो गेला, की जायचंच होतं म्हणून, हे स्टेलाला कळत नाही. गेलेल्याचं घर मात्र नावेवरून पाडता येत नाही. ते जागा अडवून बसतं आणि नव्या उतारूची खोली त्याच्या कडेनं कुठेतरी बसवावी लागते. आईवडिलांच्या माघारी ज्यांनी त्यांचं कपाट रिकामं करायचं टाळलंय, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

गेमला एक गोष्ट मात्र मुळीच जमलेली नाही, ती म्हणजे भावकी. स्टेला सगळं एकटी करते. खर्च कुणी करायचा, टॉवेल-टोपी कुणाची, सातबाऱ्याचं काय, हे विचारायला तिथे कुणीच नाही. आपल्याकडे दु:ख या भांडणांतूनच वाट काढत पुढे सरकतं. नुसत्या मिठ्यांवर दहावा उरकत नाही.

2022मध्ये हा गेम नेटफ्लिक्सतर्फे मोबाइलवरही आला. त्यात कुणालाच गोळी घालायची नाही, त्यामुळे बीजीएमआयवाल्यांना सुरुवातीला कंटाळा येईल. अतुल नावेवर चढेपर्यंत तरी खेळून बघा.